न दिलेल्या पैशांचं ऑडिट

२०२२ च्या ६ एप्रिलला अमेरिकेच्या वनखात्याने न्यू मेक्सिको राज्यातल्या हर्मिट्स पीक या डोंगराजवळ ठरवून, नकाशे आखून, सगळ्या सह्या घेऊन आग लावली. वाळलेला पाचोळा आणि दाटलेली झुडपं उन्हाळ्याआधीच जाळून टाकली की पुढे मोठा वणवा पेटत नाही, हे त्यामागचं शास्त्र. आपल्याकडे वनखातं जाळरेषा काढतं, त्याच जातीचं काम, फक्त पसारा मोठा. त्या दिवशी वाऱ्याने दगा दिला आणि आग रेषेबाहेर गेली. शेजारच्या काफ कॅन्यनमध्ये याच खात्याने जानेवारीत लाकडांचे ढीग जाळले होते. त्यांच्या तळाशी विस्तव राहिला होता. वरून बर्फ पडून गेलं तरी तो विझला नाही आणि एप्रिलमध्ये तोही उफाळला. २२ एप्रिलला दोन्ही आगी एकमेकींना मिळाल्या. ऑगस्टमध्ये ती पूर्ण आटोक्यात आली तेव्हा ३ लाख ४१ हजार एकर जळून गेले होते. मुंबई शहर आणि उपनगरं मिळून जेवढी जागा होते, त्याच्या दुपटीहून जास्त. या राज्याने याहून मोठी आग पाहिलेली नाही.

मी राहते आल्बुकर्कीत. आगीचा मुलूख इथून दोनेक तासांवर, लास वेगस गावाच्या पलीकडे. हे जुगारवालं लास वेगस नव्हे. हे त्याच नावाचं, जुन्या विटांच्या इमारतींचं, गरीब गाव. जळलेल्या डोंगरांवर पावसाळ्यात पाणी थांबेना. जुलैच्या एका पुरात तिघं वाहून गेले, आणि ज्या गायिनास नदीचं पाणी गाव पितं ती राखेने इतकी गढूळ झाली की गावाकडे महिनाभरही पुरेल एवढं पिण्याचं पाणी उरलं नव्हतं.

पण मला आगीविषयी लिहायचं नाही. मी सांगलीकडची, शिक्षणाने चार्टर्ड अकाउंटंट, साखर कारखान्यांची व्हाउचरं तपासत आर्टिकलशिप केलेली, आणि आता इथल्या छोट्या सार्वजनिक संस्थांचे हिशेब तपासून पोट भरणारी. मला लिहायचंय ते त्या आगीनंतर वाटलेल्या पैशांविषयी, आणि त्या पैशांचा हिशेब कोण, कसा आणि कुठल्या बाजूने तपासतं याविषयी. कारण २०२५ च्या पावसाळ्यात मराठवाडा पाण्याखाली गेल्यापासून आमच्या घरच्या गटावर हाच वाद चाललाय. सरकारने ७ ऑक्टोबरला ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. विरोधकांनी हेक्टरी पन्नास हजार मागितले. त्याच वर्षी जालना जिल्ह्यातल्या अंबड आणि घनसावंगी तालुक्यांत अतिवृष्टीच्या अनुदानाचा घोटाळा उघडकीला आला, कितीतरी तलाठी निलंबित झाले. गटावरची माझी एक मावसबहीण कॅलिफोर्नियात असते. तिचं ठरलेलं वाक्य, "इथे असं होऊच शकत नाही, इथे सिस्टिम आहे." आणि माझा मामेभाऊ, जो स्वतः तलाठी आहे, त्याचं ठरलेलं उत्तर, "ताई, तुमच्या सिस्टिमला चिखल माहीत आहे का?"

तर सिस्टिम काय आहे ते आधी सांगते.

आग आपणच लावली, हे वनखात्याने मान्य केलं. त्यामुळे इथे 'मदत' हा विषयच राहिला नाही. ज्याने नुकसान केलं त्याने ते भरून द्यायचं, एवढाच प्रश्न उरला. काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, ३० सप्टेंबर २०२२ ला खास कायदा केला, आधी अडीच अब्ज डॉलर दिले, डिसेंबरमध्ये आणखी १.४५ अब्ज, आणि २०२४ च्या अखेरीस वर दीड अब्ज. एकूण ५.४५ अब्ज डॉलर. रुपयांत पंचेचाळीस हजार कोटींच्या पुढे. ज्या दोन काउंट्यांना, म्हणजे जिल्ह्यांना, मुख्य झळ बसली, त्या सॅन मिगेल आणि मोरा, त्यांची लोकवस्ती मिळून तीस हजारांच्या आसपास. महाराष्ट्राच्या अख्ख्या पॅकेजच्या शेजारी हा आकडा ठेवला की मावसबहिणीला आनंद होतो आणि मामेभाऊ गप्प बसतो.

पण पैसे मंजूर होणं आणि हातात पडणं यांत इथेही दरी आहे. वाटपाचं काम फेमाकडे, म्हणजे केंद्राच्या आपत्ती यंत्रणेकडे गेलं. कायदा म्हणतो, दावा दाखल झाल्यापासून १८० दिवसांत निर्णय द्या. दाव्यांची कार्यालयं लोकांसाठी उघडेपर्यंत आगीला वर्ष होत आलं होतं. पक्के नियम आले ऑगस्ट २०२३ मध्ये. १८० दिवस उलटून गेले म्हणून लोक कोर्टात गेले. घर जळालेला म्हातारा ट्रेलरमध्ये तीन हिवाळे काढतोय आणि त्याच्या नावाचे अब्जावधी डॉलर खजिन्यात सुखरूप आहेत, हे दृश्य अमेरिकेतलं आहे. लातूरला निदान दिवाळीच्या आत पैसे टाकायची घोषणा तरी झाली, आणि काहींच्या खात्यात ते पडलेसुद्धा.

आता ऑडिट. न्यू मेक्सिकोसाठी हा सगळा प्रकार नवा नव्हता. मे २००० मध्ये याच राज्यात, लॉस अलामोसजवळ, नॅशनल पार्क खात्याने लावलेली अशीच एक आग निसटली होती. सेरो ग्रांदे तिचं नाव. सुमारे ४८ हजार एकर आणि चारशेहून जास्त कुटुंबांची घरं गेली. तेव्हाही कायदा झाला, ४५.५ कोटी डॉलर दिले गेले, वाटप फेमानेच केलं. आणि कायद्यातच लिहून ठेवलं की देशाचे महालेखापाल, म्हणजे आपल्या कॅगचे इथले भाऊ, दरवर्षी या दाव्यांच्या पैशांचं ऑडिट करून काँग्रेसला अहवाल देतील. ही मला मनापासून आवडलेली गोष्ट. घोटाळा झाल्यावर चौकशी समिती नेमायची नाही. पैसे निघतानाच तपासणारा नेमायचा. आपल्याकडे कॅगचा अहवाल येईपर्यंत मंत्री बदललेले असतात, कलेक्टर दुसऱ्या जिल्ह्यात गेलेले असतात आणि शेतकऱ्याने कर्ज काढून तिसरं पीक घेतलेलं असतं. मग लोकलेखा समिती, मग अनुपालन अहवाल, मग फायली.

म्हणून मावसबहीण बरोबर, असं तुम्ही म्हणाल. थोडं थांबा.

ऑडिटर काय बघतो? जे पैसे गेले, त्यांचे कागद. दावा केला होता का, मालकीचा पुरावा आहे का, विम्याचे पैसे वजा केले का, एकाच नुकसानीचे पैसे दोनदा तर गेले नाहीत, मंजुरीची सही योग्य माणसाची आहे का. शंभर फायलींतल्या नमुन्याच्या पाच-दहा काढायच्या, त्यांवर बरोबरच्या खुणा करायच्या, जी बसत नाही तिच्यावर आक्षेप लिहायचा. मी रोज हेच करते आणि त्यात कमीपणा मानत नाही. पण या पद्धतीला एक डोळाच नाही. ज्याला पैसे मिळालेच नाहीत त्याचं व्हाउचर नसतं. ज्याला पन्नास मिळायचे त्याला पाच मिळाले, तर पाचाचं व्हाउचर अगदी निर्दोष असतं. आमच्या धंद्यात त्याला 'आक्षेप नाही' म्हणतात.

याचं सगळ्यांत बोलकं उदाहरण झाडांचं. सेरो ग्रांदेच्या वेळी नियम होता की जळलेल्या झाडांची आणि बागेची भरपाई घर-जागेच्या किमतीच्या २५ टक्क्यांहून जास्त द्यायची नाही. लॉस अलामोस हे अणुप्रयोगशाळेचं गाव, देशातल्या श्रीमंत काउंट्यांपैकी एक. घर मोठं, अंगणात चार-सहा पाइन. २५ टक्क्यांत ती सहज बसतात. बावीस वर्षांनी फेमाने पहिले, तात्पुरते नियम काढले तेव्हा तीच मर्यादा मोराच्या लोकांवर लादली. मोरामध्ये घर म्हणजे मातीच्या विटांच्या दोन खोल्या किंवा चाकांवरचं घर, आणि त्याच्या मागे शेकडो एकर जंगल. तेच जंगल सरपण, तेच कुंपणाचे खांब, तेच विकायचं लाकूड, तेच नातवंडांची ठेव. गरिबाची बहुतेक सगळी संपत्ती झाडांत, आणि नियम म्हणतो झाडांना पाव हिस्सा. लोकांनी सभांमध्ये आरडाओरडा केला, त्यांचे लोकप्रतिनिधी मागे लागले, तेव्हा अंतिम नियमांतून ही मर्यादा काढली गेली. आता विचार करा, ती राहिली असती तर? ऑडिटरने एकेक फाइल उघडून २५ टक्क्यांचा गुणाकार तपासला असता, तो बरोबर निघाला असता, आणि अहवाल स्वच्छ आला असता.

हा हिशेब मी आपल्या बाजूनेही करून बघितला. आपत्ती निधीच्या निकषांनुसार बहुवार्षिक पिकांना हेक्टरी २२,५०० रुपये. हापूसची जुन्या पद्धतीची लागवड दहा बाय दहा मीटरवर, म्हणजे हेक्टरी शंभर कलमं. एका कलमाला आले २२५ रुपये. ज्या कलमाला धरायला लागायलाच सहा-सात वर्षं लागतात, त्याला. त्या झाडाच्या एका पेटीचा भाव चैत्राच्या सुरुवातीला किती असतो ते कोकणातल्याला सांगायला नको. २०२५ च्या पॅकेजमध्ये वर हेक्टरी दहा हजारांची भर पडली, पण ती रब्बीच्या बी-बियाण्यासाठी. आमच्या एका झाडाचे २२५ झाले की सव्वातीनशे, यावर कोणी ऑडिटर आक्षेप घेणार नाही, कारण निकष २२,५०० चाच आहे आणि दिले तेवढेच आहेत.

इथे दोन देशांत फरक पडतो, आणि तो पैशाचा नाही. मोराची बाई म्हणू शकली की मला कमी मिळालं, कारण कायद्याने तिचं सगळं प्रत्यक्ष नुकसान सरकारच्या अंगावर टाकलेलं आहे. कमी म्हणायला समोर पुरी रक्कम लागते. फेमाने मनस्तापाचे, हाल सोसल्याचे पैसे देणार नाही म्हटलं, तर लोक त्यावरही कोर्टात गेले आणि डिसेंबर २०२४ मध्ये केंद्रीय न्यायाधीशाने तेही द्यावे लागतील असा निकाल दिला. आपल्याकडे शेतकऱ्याला जे मिळतं ते पुढचं पीक उभं करायला सरकारने केलेलं साहाय्य. साहाय्य कितीही असो, ते कमी आहे असं मोजायची पट्टीच नाही. आंदोलन करता येतं, आक्षेप घेता येत नाही.

आपत्ती अस्मानी असेल तर हे समजू शकतं. पाऊस सरकारने पाडलेला नसतो. पण सगळ्याच आगी अस्मानी नसतात. आमच्या सांगली-कोल्हापूरकडे दर हंगामात एक बातमी ठरलेली, 'शॉर्टसर्किटने इतके एकर ऊस खाक'. लोंबणाऱ्या तारा वाऱ्याने एकमेकींना घासतात, ठिणगी पडते, तोडीला आलेला फड पेटतो. कारखाना जळीत ऊस म्हणून कपात करतो ते वेगळंच. तारा सरकारी कंपनीच्या. मग तलाठ्याचा पंचनामा, पोलिसांचा पंचनामा, विद्युत निरीक्षकाचा अहवाल, आणि त्या अहवालात दोष कोणाचा लिहिलाय यावर सगळं. कॅलिफोर्नियात २०१८ च्या कॅम्प फायरने पॅराडाइज हे गाव पुसून टाकलं, ८५ माणसं गेली. तिथेही ठिणगी वीज कंपनीच्या जुनाट लाइनचीच होती. त्या कंपनीने २०२० मध्ये कोर्टात ८४ मृत्यूंचा गुन्हा कबूल केला. कोकणातल्या वणव्याचा पंचनामा काढून बघा. आग कोणी लावली या रकान्यात बहुतेक वेळा 'अज्ञात इसम' असतो. हा इसम दरवर्षी शिमग्याच्या आसपास जिल्हाभर फिरतो आणि कुणाला सापडत नाही. आग भाजावळीतून गेली, जाळरेषेतून गेली, रस्त्याच्या कामाच्या डांबराच्या भट्टीतून गेली, कुणाच्या विडीतून गेली, हे शोधायला कोणाकडे वेळ नाही, कारण शोधल्याने मिळणारा आकडा बदलत नाही.

(पॅराडाइजच्या आणि त्याच कंपनीच्या आणखी काही आगींच्या पीडितांसाठी झालेल्या ट्रस्टची गोष्ट मावसबहिणीला मी मुद्दाम सांगितली. साडेतेरा अब्जांचा ट्रस्ट, त्यातले निम्मे त्याच कंपनीचे शेअर. म्हणजे ज्याने घर जाळलं त्याचा धंदा चांगला चालावा अशी घर जळालेल्याने प्रार्थना करायची. आणि सुरुवातीच्या वर्षात पीडितांना जेवढं वाटलं त्याच्या कितीतरी पट ट्रस्टच्या स्वतःच्या कारभारावर खर्च झालं. सिस्टिम आहे, नाही कोण म्हणतं.)

आता चोरीकडे येऊ. कारण गटावरचा वाद शेवटी तिथेच येतो. "पैसे वाढवून काय उपयोग, खाणारे खातातच."

जालन्याच्या प्रकरणात काय झालं? नावावर गुंठाभर जमीन नसलेल्यांच्या खात्यात अनुदान गेलं, कुणाचं क्षेत्र कागदावर फुगवलं गेलं. हे कुणी शेतकऱ्याने खोटा अर्ज भरून केलेलं नाही. याद्या बनवणं आणि त्या संगणकावर चढवणं ज्यांच्या हातात होतं त्यांच्यातूनच हे झालं. एक रुपयात पीकविमा ही योजनाही तशीच. २०२३ च्या खरिपात आली, बोगस अर्जांचा डोंगर झाला, २०२५ मध्ये गुंडाळली. अर्ज भरणाऱ्या केंद्रांना एका अर्जामागे ४० रुपये मिळत होते. शेतकऱ्याचा खर्च एक रुपया, केंद्राची कमाई चाळीस. अर्ज कोण वाढवेल, हे सांगायला सीए व्हावं लागत नाही. पण उपाय काय झाला? विम्याचा हप्ता पुन्हा शेतकऱ्याने भरायचा. आणि अनुदानासाठी ई-केवायसी, फार्मर आयडी, आधार जोडणी, सामाईक खातं असेल तर बाकीच्या हिस्सेदारांची संमतिपत्रं. खाल्लं आतल्याने, आणि कागद वाढले बाहेरच्याचे.

न्यू मेक्सिकोतही हेच, जरा सोज्वळ कपड्यांत. २०२५ मध्ये इथल्या पत्रकारांनी उघड केलं की दाव्यांच्या कार्यालयाचे प्रमुख आणि आणखी एक वरिष्ठ अधिकारी यांना धूर आणि राख यांच्या नुकसानीपोटी मिळून पाच लाख डॉलरहून जास्त रक्कम मिळाली. ज्या कार्यालयाने वाटायचे, त्याच कार्यालयाच्या खुर्चीवरून. एकेक फाइल नियमांत बसत असेलही, त्यांच्या घरांपर्यंत धूर गेला असेलही, मला त्यात पडायचं नाही. पण त्याच वेळी खरोखर घर जळालेले लोक वाट बघत होते. चौकशीची मागणी झाली. ही गोष्ट कुठल्या वार्षिक ऑडिटने नव्हे, बातमीदारांनी बाहेर काढली, हे मला व्यवसायबंधू म्हणून बोचलं.

आणि कागद? मोरा हा १८३५ च्या मेक्सिकन जमीनदानाचा मुलूख. अमेरिका इथे आली त्याच्या आधीपासून लोक जमीन कसतायत. पणजोबांच्या नावावरची जमीन, वाटणी तोंडी, एक भाऊ डेन्व्हरला, एक बहीण टेक्सासात, दोघं वारलेले, त्यांची मुलं कुठे ते ठाऊक नाही. घर आपलं, पण कागद आपला नाही. माझ्या ऑफिसातली एक सहकारी तिकडचीच. तिने मला घराण्याचा वृक्ष काढून दाखवला तेव्हा मला हसूच आलं. आमच्या वाडीच्या सातबाऱ्यावर अशीच चौदा नावं आहेत आणि त्यातली निम्मी स्वर्गात. तिच्या गावात पाण्याचे सामाईक पाट असतात, असेकिया म्हणतात, पाटावर एक मायोर्डोमो पाळ्या लावतो. धुळ्याकडे पांझरेच्या फडांवर पाटकरी आणि हवालदार जे करतात तेच. या असेकियांचेसुद्धा हिशेब राज्याच्या लेखापरीक्षकाकडे जातात, म्हणून तर मला माहीत. असल्या मुलखात 'मालकीचा पुरावा जोडा' ही एक ओळ किती माणसं गाळते, याचा आकडा कुठल्याच अहवालात येत नाही. चोराकडे पुरावा नेहमी तयार असतो. तो पुरावा करूनच आलेला असतो. तीन पिढ्या एका जागी राहिलेल्या माणसाकडेच नेमका नसतो.

मला म्हणायचंय ते एवढंच. भरपाईच्या ऑडिटमध्ये दोन रकाने हवेत. एक, चुकून किंवा चोरून गेलेले पैसे. दुसरा, मिळायला हवे होते आणि मिळाले नाहीत किंवा मुदतीनंतर मिळाले ते. १८० दिवसांचा नियम मोडला तर तो तसाच आक्षेप लागला पाहिजे जसा खोट्या सहीला लागतो, त्या विलंबाच्या व्याजाच्या आकड्यासह. केवायसीत अडकलेल्या खात्यांची यादी हा प्रशासनाचा आतला अहवाल राहू नये, तो लेखाआक्षेप व्हावा. आणि नमुना तपासणी अर्जदारांपासून सुरू होऊ नये. आधी याद्या संगणकावर चढवायचं लॉगिन असलेल्यांची, मग त्यांच्या नातलगांची, मग अर्ज भरणाऱ्या केंद्रांची, आणि सगळ्यांत शेवटी त्या बाईची जिच्या सातबाऱ्यावर चौदा नावं आहेत.

दुसऱ्या रकान्याला आकडे कुठून आणायचे, असं माझा वरिष्ठ विचारतो. इथे खरंच अडचण आहे. अमेरिकेत कुणाला किती मिळाले हे खासगी. शेजाऱ्याला काय मिळालं ते शेजाऱ्याला कळत नाही, म्हणून कुणाला नाही मिळालं तेही कळत नाही. याबाबतीत घरचं बरं आहे. आपल्याकडे लाभार्थ्यांची यादी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागू शकते. सातबाऱ्यांचं चावडी वाचन महसूल खात्याने केलेलं आहे. रोजगार हमीच्या कायद्यात ग्रामसभेने सामाजिक अंकेक्षण करायचं असं कलमच होतं, आणि मेघालयाने तर २०१७ मध्ये सरकारी योजनांच्या सामाजिक अंकेक्षणासाठी स्वतंत्र कायदा केला. गावात कुणाची जमीन कुठे आहे आणि कुणाचं शेत त्या रात्री पाण्याखाली होतं, हे गावाला ठाऊक असतं. जालन्यातली नावं चावडीवर मोठ्याने वाचली गेली असती, तर गुंठाही नसलेल्याचं नाव पहिल्याच ओळीत अडकलं असतं.

हे मी मामेभावाला लिहिलं. तो बराच वेळ टाइप करत होता.

"ताई, वाचन कर म्हणणं सोपं आहे. माझ्याकडे तीन सज्जांचा चार्ज आहे. पाणी उतरायच्या आत पंचनामे करा म्हणून वरून फोन, मोटरसायकल ओढ्याच्या अलीकडे टाकून कमरेएवढ्या पाण्यातनं जायचं, फोटो काढायचा तर नेटवर्क नाही. ग्रामसेवक एका बाजूला, कृषी सहायक दुसऱ्या बाजूला. दोन दिवसांत यादी द्या म्हणतात. त्यात चुका होणारच. आणि ती यादी चावडीवर वाचली तर ज्याचं नाव सुटलंय तो माझी कॉलर धरणार, ज्याने पैसे लुबाडले त्याची नाही."

हे खरं आहे. सुटलेल्या नावाची तक्रार करायला गावात एकच माणूस हाताशी असतो, आणि तो तलाठी. इथे मोरामध्ये फेमाने दावेदारांना हाताला धरून नेणारे 'नॅव्हिगेटर' नेमले होते, गावातल्याच लोकांमधून बरेचसे. त्यांच्यावरही लोक चिडले, पण निदान पंचनामा करणारा, पैसे मंजूर करणारा आणि शिव्या खाणारा ही एकच व्यक्ती नव्हती. तीन सज्जांचा चार्ज एका माणसाकडे ठेवून त्याच्याकडून बिनचूक यादीची अपेक्षा करणं, आणि चुकली की निलंबन, हा काटकसरीचा प्रकार मला महागात पडलेला दिसतो. रिकाम्या तलाठी-जागांच्या पगारात जे वाचलं ते आणि घोटाळ्यांत गेलं ते, हे दोन आकडे कुणीतरी शेजारी शेजारी मांडावेत.

आग जळून गेल्यावर नुकसान थांबत नाही, हेही त्याला मी लिहिलं. जळलेल्या उतारांवरून लास वेगसमध्ये जून २०२४ मध्ये, आगीला दोन वर्षं झाल्यावर, पुन्हा पूर आला. इथला कायदा आगीमुळे ओढवलेला पूरही भरपाईत धरतो. आपला पंचनामा त्या एका दिवसाचा असतो. खरवडून गेलेली जमीन पुढच्या तीन हंगामांत काय देते किंवा देत नाही, भाजलेलं आंब्याचं कलम दुसऱ्या पावसाळ्यात वाळलं तर त्याचं काय, याला रकाना नाही.

त्यावर त्याने विचारलं, की मग पुन्हा पंचनामे करायला येणार कोण. मी म्हटलं, पहिल्या वर्षी यादीतून सुटलेल्यांपासून सुरू कर, ते तुझी वाट बघतच असतील. त्याने अंगठा पाठवला. मग विचारलं, "आणि तिकडे त्या मनस्तापाच्या पैशांचं झालं का काही?" मी त्याला सांगितलं, निकाल लागलाय, खात्यात जमा होतील तेव्हा कळवते.